हात पोचेल असं भांडं

चि. सौरभ,


पोर्टलंडच्या घरी बीअर करून बघायची म्हणतोस, तर मॉल्ट आणि हॉप्सच्या आधी भांड्याचा विचार कर. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बीअरला मोकळीक दिली. नवशिक्याची एक खेप साधारण पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची असते. तिला भांडं मात्र साडेसहा गॅलनचं लागतं. पहिले दोन-तीन दिवस यीस्ट जोरात असतं आणि चिकट फेस वर चढतो. जागा अपुरी पडली तर तो एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत, घुसून वाट तुंबवतो, आणि आत कोंडलेला वायू झाकण उडवतो.

दुकानात सर्वांत देखणा दिसतो तो काचेचा कार्बॉय. त्याला ओरखडे पडत नाहीत, तो वास धरत नाही, हवा आत सोडत नाही. पण भरला की पंचवीस किलोंच्या वर जातो, ओल्या हातातून निसटतो आणि कढत पाण्याने तडकतो. मान अरुंद, त्यामुळे आत हात जात नाही. शिवाय उजेडात हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून बीअरला उग्र वास येतो, म्हणून त्याच्यावर जाड कापड टाकावं लागतं.

पांढरी प्लास्टिकची बादली स्वस्त आणि हलकी. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो, म्हणजे एचडीपीई. शिवाय ती खाद्यपदार्थांसाठी आहे ना, हे विचारून घे. हिचं वैर खरखरीत घासणीशी. हिरव्या घासणीचा एक हात फिरला की बारीक ओरखडे उठतात, त्यांत लॅक्टोबॅसिलससारखे जंतू ठाण मांडतात आणि जंतुनाशक तिथवर पोचत नाही. मऊ फडकंच वापर. ओरखडे दिसू लागले की बादली मॉल्ट साठवायला काढ.

स्टील जन्मभर पुरतं, पण महाग. त्याला ब्लीच लावू नये. क्लोरीन स्टीलवरचा संरक्षक थर खाऊन बारीक खड्डे पाडतं. भांडं कुठलंही असो, उरलेलं क्लोरीन मॉल्टमधल्या फेनॉलशी जुळलं की बीअरला दवाखान्याचा वास येतो.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मळ राहिला तर त्याच्या आडोशाला जंतूही राहतात. बीअर काढली की फेसाचं तपकिरी कडं वाळायच्या आत सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात घालून भांडं रात्रभर भिजत ठेव, मग स्वच्छ खळबळून घे. निर्जंतुक करायचं ते वापरायच्या तोंडावर: १९ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर स्टार सॅन हे जंतुनाशक. आतली प्रत्येक बाजू दोनेक मिनिटं ओली राहिली पाहिजे. स्टार सॅन आम्लधर्मी असतं, जड पाण्यात गढूळ होतं. पोर्टलंडला येणारं बुल रन नदीचं पाणी मृदू, त्यामुळे तिथे ही कटकट नाही. स्टार सॅनचा उरलेला फेस धुवायचा नाही, त्याच्यावरच वर्ट, म्हणजे आंबवायचं मॉल्टचं गोड पाणी, ओतायचं.

बादलीला तोटी असेल तर ती दर खेपेला काढून, सुटी करून धुवायची. बाहेरून चकचकीत दिसते, पण दांडा उपसला की खाचेत आणि वायसरमागे पिवळट, बुळबुळीत थर सापडतो. लागोपाठच्या खेपा आंबट निघू लागल्या तर आधी तिथे बघावं.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एका पेशीपासून यीस्टचं शुद्ध वाण वाढवलं, कारण कारखान्याच्या बीअरमध्ये जंगली यीस्ट मिसळून ती बिघडत होती. तू पाकिटातून यीस्ट आणशील तेही असंच निवडलेलं असतं. अस्वच्छ तोटीत ती मेहनत वाया जाते.

तेव्हा पहिल्या खेपेला बिनतोटीची बादलीच घे आणि बीअर नळीने काढ. स्टीलचं पुढे बघता येईल. आणि सुट्टीत पुण्याला येशील तेव्हा हा पसारा आणू नकोस. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे.

तुझी,
मावशी