टॅब्लेट संगणक, विद्यापीठीय विद्यार्थी आणि तीन प्रज्ञा



महाविद्यालयात व विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती आज टॅब्लेट हा पाटीएवढा लहान संगणक दिसू लागला आहे. काही पालक पोटाला चिमटा घेऊन तो विकत घेतात, तर काही संस्था तो गुणवंतांना बक्षीस म्हणून देतात. यंत्र दिले म्हणजे शिक्षण दिले, असा समज मात्र त्यातून बळावत आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

'आकाश'चा धडा

या बाबतीत आपल्या देशाला एक अनुभव आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते नवी दिल्लीत 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटचे उद्घाटन झाले. सात इंची पडद्याचे हे यंत्र शासनाला सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडत होते आणि विद्यार्थ्यांस ते त्याहूनही कमी किमतीत मिळावयाचे होते. हेतू उत्तम होता. तथापि पहिल्या यंत्राचा वेग कमी होता, पडदा जोराने दाबावा लागे, बॅटरी लवकर उतरे आणि इंटरनेट केवळ वाय-फायवरच चाले. ज्याच्या वसतिगृहात वाय-फायच नाही, त्याने त्या यंत्राचे काय करावे? पुढे मुंबईच्या आय.आय.टी.कडे हे काम आले. तेथील प्राध्यापकांनी यंत्राबरोबरच अध्यापकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित 'आकाश २' आले. तरीही अपेक्षेप्रमाणे घराघरांतील विद्यार्थ्यांपर्यंत ही योजना पोहोचली नाही व कालांतराने ती थांबली. यंत्र, त्यावरील अभ्यासक्रम, इंटरनेट आणि शिकविणारा माणूस हे चार पाय आहेत. त्यांतील एक जरी लंगडा असला तरी खाट उभी राहत नाही, हा 'आकाश'चा धडा होय.

तीन प्रज्ञा

दीघनिकायातील संगीतिसुत्तात प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकून वा वाचून येते ती श्रुतमयी, स्वतः विचार करून येते ती चिंतामयी आणि अभ्यासाने अंगी मुरते ती भावनामयी. टॅब्लेटचा उपयोग पारखण्यास याहून चांगली कसोटी आम्हांस दिसत नाही.

श्रुतमयी प्रज्ञेसाठी टॅब्लेट खरोखरच मोठे साधन आहे. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या 'स्वयम्' या शासकीय मंचावर विद्यापीठीय अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, शुल्क केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेस पडते. मुंबई आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल'मधील संगणकाचे अनेक छोटे पाठ मराठीत आहेत व ते उतरवून घेऊन इंटरनेटविना पाहता येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली त्रिपिटक देवनागरी लिपीत उपलब्ध केले आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंडही विनामूल्य वाचता येतात. मोबाईलच्या पडद्यावर ग्रंथाचे पान सतत सरकवावे लागते, टॅब्लेटवर ते पूर्ण दिसते. ज्याच्या गावी ग्रंथालय नाही, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु चिंतामयी प्रज्ञा यंत्र देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५४ अभ्यासांतील १,७०,००० हून अधिक वाचकांची माहिती तपासण्यात आली. माहितीपर मजकूर कागदावर वाचला असता तो पडद्यापेक्षा अधिक समजतो आणि वेळेचे बंधन असले की हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. पडद्यावर आपण नजर फिरवितो आणि वाचले असे मानतो, हे पुष्कळांच्या अनुभवास येते. याउलट बाबासाहेब कसे वाचीत, ते पाहा. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या लोकशाही व शिक्षण या विषयावरील ग्रंथाची त्यांची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे. त्या प्रतीवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. वाचताना थांबणे, खूण करणे, लेखकाशी वाद घालणे म्हणजेच चिंतन. टॅब्लेटवर वाचावे, पण शेजारी वही असावी व टिपण स्वतःच्या शब्दांत काढावे.

भावनामयी प्रज्ञेस तर अप्पमाद म्हणजे सतत जागरूकता हवी. ज्या पडद्यावर धडा आहे त्याच पडद्यावर खेळ व करमणूक आहे. म्हणून अभ्यासाच्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे, आवश्यक ते आधीच उतरवून घ्यावे, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी यंत्र न उघडता लिहून पाहावे. जे लिहिता आले नाही, ते आपणास अद्याप आलेले नाही.

संस्थांचे कर्तव्य

सभासदांना आमची विनंती आहे की, यंत्रे वाटून छायाचित्रे काढण्यावर समाधान मानू नये. विहाराला जोडून एक अभ्यासिका असावी. तेथे पाच-सहा टॅब्लेट, वाय-फाय, छापील पुस्तके आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा पदवीधर मार्गदर्शक असावा. ज्या घरात एकच यंत्र असते तेथे ते बहुधा मुलाच्या हाती जाते व मुलगी उरलेल्या वेळेची वाट पाहते. म्हणून अभ्यासिकेत मुलींची वेळ आधी ठरवावी व त्यांच्या येण्याजाण्याचीही सोय पाहावी. यंत्र बिघडल्यास दुरुस्तीसाठी थोडा निधी बाजूस ठेवावा.

आपल्यापैकी अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे. तिला अडल्यावर विचारण्यास घरात कोणी नसते. ती उणीव टॅब्लेट एकटा भरून काढणार नाही. ती शिकलेल्या माणसांनीच भरून काढावयाची आहे. 'शिका' या बाबासाहेबांच्या आदेशात शिकविण्याची जबाबदारीही आली, एवढे आपण ध्यानात ठेवू या.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!