डिस्कवालं घेऊ की बिनडिस्कचं?

अगं, दिवाळीला प्लेस्टेशन घ्यायचं पक्कं झालंय ना तुमच्याकडे? मग दुकानात जाण्याआधी ताईचं थोडं ऐकून घे. तुझ्या घरातले बापलेक ‘शंभर जीबीची डिस्क’ म्हणून हरखून गेलेत, आणि डिस्कच्या ड्राइव्हसाठी जास्तीचे पैसे मोजायला तयार आहेत. मोजा की, माझी ना नाही. पण कशासाठी मोजतोय ते नीट समजून मोजा.

आधी गेमचं सांगते. एके काळी डिस्क मोठी असण्याला खरंच अर्थ होता. १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला होता, आणि खेळता खेळता मध्येच उठून सीडी बदलावी लागायची. २०१० मध्ये त्याच मालिकेतला तेरावा गेम प्लेस्टेशन ३ वर एका ब्लू-रेमध्ये मावला, पण एक्सबॉक्स ३६० ला डीव्हीडीच चालायची, म्हणून तिथे तीन डिस्क द्याव्या लागल्या. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ जीबीची, आणि दोन थरांची ब्लू-रे ५० जीबीची. तेव्हा हा फरक खेळणाऱ्याच्या थेट हाताला जाणवायचा.

आता तसं राहिलेलं नाही. प्लेस्टेशन ५ ची डिस्क १०० जीबीपर्यंत असते हे खरं, पण गेम त्या डिस्कवरून चालतच नाही. तो आधी मशीनच्या आतल्या एसएसडीवर उतरतो आणि तिथून चालतो. कारण साधं आहे. प्लेस्टेशन ४ चा ड्राइव्ह ब्लू-रेवरून सेकंदाला फार तर २७ एमबी वाचायचा. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच हजार एमबी वाचते. एवढ्या तफावतीत डिस्कच्या भरवशावर आजचा गेम पळवता येत नाही. गेम उतरला की डिस्क उरते ती किल्लीपुरती, आणि ती किल्ली दर वेळी ड्राइव्हमध्ये घालावीच लागते. काही वेळा तर डिस्कवर गेमही नसतो. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास मजकूर होता, बाकी सगळं डाउनलोड करा! म्हणून गेम घेताना खोक्याची मागची बाजू वाच. इंटरनेट लागेल, डाउनलोड लागेल, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तरी गेमसाठी डिस्क घ्यायला दोन खणखणीत कारणं आहेत. पहिलं म्हणजे, पूर्ण गेम डिस्कवर असेल तर तुमच्या कासवछाप वायफायवर ऐंशी-नव्वद जीबी खेचत बसावं लागत नाही. दुसरं त्याहून मोठं. नवा गेम चार-पाच हजारांच्या घरात जातो. पोरगं तो महिनाभरात संपवणार. डिस्क असेल तर ती विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, जुन्या बाजारातून स्वस्तात आणता येते. डाउनलोड केलेला गेम खात्याला चिकटलेला असतो, तो कुणालाही विकता येत नाही.

आता टीव्हीचं. इथे मात्र मोठी डिस्क आपलं मोल दाखवते. ओटीटीवरचं ४के चित्र सेकंदाला साधारण १५ मेगाबिटच्या आसपास येतं. ४के ब्लू-रे १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. म्हणजे दोन तासांचा सिनेमा ओटीटीवाले तेरा-चौदा जीबीत बसवतात, आणि डिस्कवर त्याला ६६ किंवा १०० जीबीची जागा मिळते. फरक बघायचा असेल तर अंधाराचं दृश्य लाव. ओटीटीवर काळोखात चौकोनी ठिगळं आणि पट्टे दिसतात. डिस्कवर तोच काळोख सलग उतरत जातो. आवाजही जास्त भरीव लागतो. पण त्यासाठी टीव्ही मोठा हवा आणि तू जवळ बसायला हवीस. ३२ इंची टीव्हीवर हा खर्च करू नकोस.

आणखी एक, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या जुन्या मालिका व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या, त्यांच्या मुळातच तपशील कमी आहे. मोठ्या डिस्कवर त्यांचे जास्त भाग मावतील, डिस्क बदलायला उठावं लागणार नाही, पण चित्र उजळणार नाही. आईच्या रोजच्या मराठी मालिकांना तर या ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही.

४केचे सिनेमे इथे दुकानात सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. त्यातली सोय अशी की ४के ब्लू-रेला विभागाचं कुलूप नसतं, कुठल्याही देशातली डिस्क चालते. साध्या ब्लू-रेचं तसं नाही, आपला विभाग ‘सी’, तेवढं बघून घे. आणि डिस्क कडेनेच धरायची हे पोराला शिकव. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. वर कडक लेप असला तरी जपलेलं बरं.

तर माझं मत विचारशील तर ड्राइव्ह घे, पण शंभर जीबीच्या आकड्यासाठी नको. घेतलेली वस्तू आपल्या हातात राहावी, ती विकता यावी, कुणाला देता यावी म्हणून घे. २०२३ च्या अखेरीस सोनीने प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकण्याची सूचना दिली होती. पुढे करार झाला आणि ते राहिले, पण आपल्या पैशाने घेतलेल्या गोष्टीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आणि आत्ता हात आखडता असेल तरी घाबरू नकोस. नव्या बारीक मॉडेलला ड्राइव्ह नंतरही जोडता येतो. आत्ता बिनडिस्कचं घे, दोन महिने घरात खरंच काय खेळलं जातं, काय बघितलं जातं ते पाहा, आणि मग ठरव.