शिकाऊ उमेदवारी : पदवीच्या तोडीची वाट कधी ठरते?

पश्चिम रेल्वेवरील मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या आधाराने वाढलेले ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे शहर पाहता पाहता खेड्यांचे महानगर झाले. मिठागरे, भातशेती आणि उत्तनच्या किनाऱ्यावरील मासेमारी यांवर जगणाऱ्या या परिसरात १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर पोहोचली. एवढ्या मोठ्या वस्तीतील मुलामुलींनी दहावी-बारावीनंतर कोणती वाट धरावी, हा प्रश्न केवळ त्या त्या कुटुंबाचा राहत नाही. तो शिक्षकांचा, लोकप्रतिनिधींचा आणि प्रशासनाचाही होतो.

सर्वसाधारण समजूत अशी की, हुशार मुलाने महाविद्यालयात जावे आणि ज्याला ते जमत नाही त्याने हातांचे काम शिकावे. या समजुतीमुळे शिकाऊ उमेदवारीकडे नाइलाजाचा मार्ग म्हणून पाहिले जाते. ती खरोखर पदवीला पर्याय ठरू शकते काय, याचा विचार भाईंदरच्या कारखान्यांच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल.

गाळ्यातील शिक्षण आणि त्याची मर्यादा

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहती स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पोलादी पत्र्याची वर्तुळे कापणे, ती साच्यात घालून प्रेसवर ओढणे, कड छाटणे आणि शेवटी पॉलिश करणे, अशा टप्प्यांतून डबा, पातेले किंवा ताट तयार होते. येथील पुष्कळसे कारखाने लहान गाळ्यांतून चालतात. नवा मुलगा प्रथम हेल्पर म्हणून लागतो आणि जुन्या कारागिराच्या हाताखाली पाहून पाहून शिकतो.

हे शिक्षण खरे आहे, पण ते अपुरे आहे. प्रेस चालविणाऱ्याचा हात काही महिन्यांत बसतो. साचा बनविणाऱ्यास मात्र आरेखन वाचावे लागते, मोजमाप काटेकोर घ्यावे लागते, धातूचे गुणधर्म समजावे लागतात. पहिले काम सरावाने येते. दुसऱ्यासाठी अभ्यासाची जोड लागते. ती न मिळालेला हेल्पर अनेक वर्षांनंतरही त्याच यंत्रापुढे उभा राहण्याची शक्यता असते. शिवाय त्याच्या कौशल्याचा कोणताही कागद त्याच्यापाशी नसतो. गाळा बंद पडला, तर दुसऱ्या दारी त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ करावा लागतो. प्रेसवर बोटांना होणारी इजा आणि पॉलिशच्या कामातील धूळ यांचा धोका वेगळाच.

कायद्याने काय दिले?

नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अस्तित्वात आला. त्यानुसार उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो व त्याची नोंदणी केली जाते. उमेदवार अल्पवयीन असल्यास त्याच्या वतीने पालक करार करतो. ठरलेल्या काळासाठी प्रशिक्षण व विद्यावेतन मिळते. उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी समजला जातो. तथापि त्याच्या आरोग्याची व सुरक्षिततेची काळजी घेणे मालकावर बंधनकारक असते. प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही मालकाचीच. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवाचून त्याला जादा वेळ राबविता येत नाही.

२०१९ च्या सुधारित नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. त्या वेळी किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णास ६,००० रुपये, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्यास ७,००० रुपये आणि पदवीधरास ९,००० रुपये असे ठरविण्यात आले.

तुलना करताना

पदवीचे महत्त्व कमी लेखणे योग्य नव्हे. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेसाठी किंवा बँक अधिकाऱ्याच्या पदासाठी पदवीच लागते. तेथे कारखान्याचे प्रमाणपत्र चालत नाही. शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली म्हणजे त्याच मालकाकडे नोकरी मिळेलच, अशी हमीही कायदा देत नाही. हे पालकांना प्रारंभीच स्पष्ट सांगावयास हवे.

मात्र दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पदवीच्या तीन-चार वर्षांत कुटुंबाचा खर्च होतो. शिकाऊ उमेदवाराच्या हाती तेवढ्यात थोडेफार विद्यावेतन, यंत्राची प्रत्यक्ष ओळख आणि देशभर मान्य असे प्रमाणपत्र येते. भाईंदरहून लोकलने गाठता येणाऱ्या लोअर परळ येथील पश्चिम रेल्वेच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार घेतले जातात, आणि रेल्वेच्या प्राथमिक स्तरावरील भरतीत रेल्वेतच उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागांची तरतूद आहे.

आणखी महत्त्वाचे असे की, ही वाट पुढे बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा औद्योगिक प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. बारावी उत्तीर्णास काम करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारीचा अंतर्भाव असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्याने दोन वाटांमधील भिंतही आता पातळ होऊ लागली आहे.

जर्मनीत या पद्धतीला जी प्रतिष्ठा आहे, तिचे मर्म येथेच आहे. तेथील उमेदवार कारखान्यात शिकतो आणि आठवड्यातील साधारण एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. १९६९ च्या कायद्याने या व्यवस्थेला एकसंध चौकट दिली. हाताला बुद्धीची आणि दोहोंना परीक्षेची जोड मिळाली, तरच शिकाऊ उमेदवारी शिक्षण ठरते. एरवी ती स्वस्त मजुरी होते.

लहान कारखान्यांची अडचण

तीसपेक्षा कमी माणसे असलेल्या गाळ्यावर उमेदवार घेण्याची सक्ती नाही. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यास ती ऐच्छिक आहे. म्हणजे भाईंदरसारख्या ठिकाणी ज्या मुलांना या संरक्षणाची सर्वाधिक गरज, तेच बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. एका गाळ्यात केवळ प्रेस, दुसऱ्यात केवळ पॉलिश, अशी विभागणी असेल तर संपूर्ण व्यवसाय एके ठिकाणी शिकविणेही कठीण.

यावर कायद्यातच उपाय आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आपापल्या आस्थापनांतून आळीपाळीने प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्यास अधिनियम मुभा देतो. साचा बनविणारा, प्रेस चालविणारा आणि पॉलिश करणारा असे गाळे जोडले गेले, तर तोच मुलगा संपूर्ण व्यवसायाचा जाणकार होईल आणि उद्योजकांनाही साचे बनविणारे कुशल हात जवळच मिळतील. यासाठी उद्योजकांच्या संघटनांनी पुढाकार घ्यावयास हवा.

मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी

विद्यार्थ्याला सल्ला देण्यापूर्वी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पुढील बाबी पडताळाव्यात :

१. करार लेखी व नोंदणीकृत आहे काय?
२. कोणता व्यवसाय, किती काळात व कोणाच्या देखरेखीखाली शिकविला जाणार?
३. प्रत्यक्ष कामाबरोबर तात्त्विक शिक्षणाची सोय आहे काय?
४. अखेरीस परीक्षा होऊन कोणते प्रमाणपत्र मिळणार?
५. विद्यावेतन नियमानुसार आहे काय?
६. त्या प्रमाणपत्रानंतर पुढील शिक्षणाचे कोणते दार उघडते?

मुलींच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारावेत. कारखाना त्यांच्यासाठी नव्हेच, असे आधीच गृहीत धरू नये.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर शिकाऊ उमेदवारी ही पदवीच्या तोडीची वाट आहे, असे निःशंकपणे सांगता येईल. ती तशी नसतील, तर ‘काम शिकतो आहे’ या शब्दांआड मुलाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. निवड विद्यार्थ्याचीच असावी. ती माहितीच्या आधारे व्हावी, एवढी दक्षता घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.