हार्प वाजवणारे दोघे

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात फायरस्टोन ग्रंथालय आणि चॅपल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिल्पकार जाक लिपशिट्झचं ‘साँग ऑफ द व्हॉवेल्स’ (स्वरांचं गाणं) हे ब्राँझशिल्प उभं आहे. तिथे शिकणारी भाची रोज त्याच्यावरून जाते. शिल्पकला शिकवून निवृत्त झालेली आत्या भारतातून आली, तेव्हा भाचीनं आधी तिला इथेच आणलं.

“आत्या, हे पक्षी आहेत ना गं?”

“पंखांसारखं दिसतंय खरं. पण हे हार्प वाजवणारे दोघे आहेत. त्या रेघा बघ, त्या तारा.”

“मग माणूस कुठे संपतो आणि वाद्य कुठे सुरू होतं?”

“तेच तर त्यानं कळू दिलेलं नाही!” आत्या म्हणाली. लिपशिट्झ पॅरिसला साल प्लेयेल सभागृहात मैफलींना जायचा. तिथल्या वाद्यवृंदातल्या हार्पनी त्याला वेड लावलं. एलेन द मांद्रो या बाईंना दक्षिण फ्रान्समधल्या ल प्रादे इथल्या घरासाठी बागेतलं शिल्प हवं होतं. घराचा आराखडा ल कॉर्ब्यूझिएचा. त्या निमित्तानं 1931-32 मध्ये हे शिल्प घडलं.

भाची शिल्पाला एक फेरी मारून आली. “पण वाद्यंच का? चेहरा करायचा की एखाद्या मोठ्या वादकाचा.”

“अगं, पुतळे करणारे पुष्कळ होते. हा क्यूबिस्टांच्या गोटातला, पिकासो आणि हुआन ग्रिसच्या ओळखीतला. गिटार, क्लॅरिनेट ही त्या मंडळींची आवडती वाद्यं. 1915 मध्ये यानं दगडात गिटारवाला कोरला आणि त्याच्या मधोमध आरपार भोक पाडलं. ते बघून त्याचे मित्रच बिथरले. शिल्प म्हणजे भरीव, ही तेव्हाची समजूत.”

“भोकाचं एवढं काय?”

“वाद्य वाजतं ते पोकळीमुळे. तंबोऱ्याचा भोपळा भरून टाकलास तर काय ऐकू येईल?”

भाची हसली. आत्या मात्र रंगात आली होती. 1925 च्या सुमारास लिपशिट्झनं पुठ्ठा आणि मेण घेऊन लहान लहान आकृत्या करायला घेतल्या. पट्ट्या, काड्या आणि मधे नुसती हवा. त्यांना तो ‘पारदर्शक’ शिल्पं म्हणायचा. त्यांत हार्पवालेही होते. मेणाच्या आकृतीवर साच्याचं लिंपण चढवायचं, ते भट्टीत तापवायचं, मेण वितळून वाहून गेलं की रिकाम्या जागेत ब्राँझचा रस ओतायचा. आपल्याकडचे डोकरा कारागीर हेच करतात. इतक्या बारीक पट्ट्या दगडात कोरायला गेलं तर तुटतील. ब्राँझ मुळात तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, तो ओतला की बारीक भागही तग धरतात.

“हे मोठं शिल्प त्या छोट्या आकृत्यांइतकं हवेशीर नाही,” आत्यानं आपलं मत नोंदवून टाकलं. “जरा जडच झालंय. पण बागेत, वाऱ्यापावसात उभं राहायचं तर अंगात वजन हवंच.”

“आणि नाव? व्हॉवेल्सचा हार्पशी काय संबंध?”

“प्राचीन इजिप्तमधल्या एका प्रार्थनेबद्दल त्याच्या कानावर आलं होतं. तिच्यात म्हणे फक्त अ, आ, इ असे स्वर होते आणि ती म्हणून पुजारी निसर्गाच्या शक्तींना आवर घालत. ती आख्यायिका त्याला भावली.”

मग आत्यानं त्याची पुढची कहाणी सांगितली. ज्यू असलेल्या लिपशिट्झला नाझींमुळे फ्रान्स सोडावा लागला. 1941 मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला आणि 1973 मध्ये वारला.

“म्हणजे मूळ शिल्प फ्रान्समधलं, आणि ही नक्कल?”

“नक्कल नव्हे. ब्राँझमध्ये शिल्पकाराच्या संमतीनं ठरावीक प्रती ओततात, त्या सगळ्या अस्सलच मानतात.”

अशाच प्रती कॉर्नेल, स्टॅनफर्ड आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठांत आहेत, एक नेदरलँड्समधल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी विद्यापीठांतलं हे शिल्प जरूर बघावं. ते उघड्यावर आहे, तिकीट लागत नाही.