चि. निखिलला

एडवण, ता. पालघर



परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, बाबांची दारू माझ्या रक्तातच असेल, तर लग्न करून एका मुलीचं आयुष्य कशाला नासवू?" तेव्हा माझा गळा दाटून आला, म्हणून आता लिहिते.

रक्ताचा वाटा आहे. शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जन्मदात्यांपैकी एकाला व्यसन, पण मूल तान्हेपणीच परक्या घरी वाढलेलं, असे ५५ जण होते. त्यांतले १० दारूच्या आहारी गेले. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं, अशा ७८ जणांत ४. धोका तिपटीहून जास्त झाला. पण बाकीच्या ४५ जणांनाही तेच रक्त मिळालं होतं ना?

दादा आणि मी एकाच आईबापाची लेकरं. मिसरूड फुटायच्या आधीच त्याला मोठ्यांनी कौतुकानं ताडी पाजली. मुलगी म्हणून माझ्या हाती तो ग्लास कुणी दिलाच नाही. दिला असता तर माझं काय झालं असतं, कोण जाणे. त्याला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते ती यामुळेच.

गावात कुणी 'खाण तशी माती' म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. असल्याच समजुतीवर इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसं जन्मानंच गुन्हेगार ठरली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड राहिली. कायदा १९५२ साली गेला, समजूत अजून पुरती गेलेली नाही.

मला धास्ती वाटते ती तुझ्या दुसऱ्या बोलण्याची: "मला चार पेग घेऊनही चढत नाही." अमेरिकेत मार्क शुकिट यांनी मद्यपी बापांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. तरुणपणी ज्यांना कमी चढायची, तेच पुढे व्यसनात जास्त अडकले. शरीर 'पुरे' म्हणत नाही, म्हणून हात थांबत नाही. तेव्हा बोईसरला पगाराच्या रात्री मित्र बसतात, तिथं नुसतं जेवायलाही जाऊ नकोस. त्यांना एखादा पेग चालत असेल, तुला एकही नको.

आणि मुलगी बघायला जाशील तेव्हा बाबांचं व्यसन लपवू नकोस. सांगताना मी शेजारी बसेन.

तुझी,
आत्या