डेकवरचा पायलट, नौदलाचा प्रमुख

होस्टेलच्या टीव्हीरूममध्ये 'टॉप गन' लागला की निम्म्या विंगला पायलट व्हायचं असतं. दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर आठवला की हौस फिटते. पण आपल्याच शहरात 1977 पासून एसपीआय आहे. तिथली मुलं एनडीएची परीक्षा देतात आणि खडकवासल्याला जातात. त्याच खडकवासल्यातून बाहेर पडलेल्या एका माणसाबद्दल आज लिहायचं आहे. तो नौदलाचा पायलट होता आणि पुढे नौदलप्रमुख झाला. नाव अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश.

आता पहिला प्रश्न. नौदलात पायलट कशाला? कारण समुद्रावर धावपट्टी नसते, ती सोबत न्यावी लागते. आपली पहिली 'विक्रांत' म्हणजे अशीच तरंगती धावपट्टी, लांबी सुमारे 213 मीटर. जमिनीवरच्या धावपट्टीला दोन-अडीच किलोमीटर लागतात, हे लक्षात घ्या. म्हणून उडताना वाफेच्या कॅटापल्टने विमानाला ढकलायचं आणि उतरताना शेपटीखालच्या हुकात आडवी तार अडकवून थांबवायचं. तार चुकली तर पुन्हा थ्रॉटल पुढे आणि पुन्हा हवेत. त्यात डेक स्वतः वर-खाली होत असतो. या 'विक्रांत'वर मे 1961 मध्ये पहिल्यांदा विमान उतरवणारे भारतीय पायलट म्हणजे आर. एच. ताहिलियानी. तेही 1984 मध्ये नौदलप्रमुख झाले, आणि त्या पदावर पोहोचलेले ते पहिले वैमानिक.

अरुण प्रकाश 1966 साली नौदलात अधिकारी झाले. गंमत म्हणजे 1971 चं युद्ध सुरू झालं तेव्हा ते समुद्रावर नव्हतेच. बदलीच्या योजनेत ते हवाई दलाच्या 20 नंबर स्क्वाड्रनमध्ये होते आणि पठाणकोटहून हंटर विमान उडवत होते. रावळपिंडीजवळच्या चकलाला विमानतळावरच्या हल्ल्यात त्यांनी उभी असलेली विमानं टिपली. त्यांतलं एक छोटं बीचक्राफ्ट निघालं चक येगर यांच्या वापरातलं! 1947 मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणारा पहिला माणूस, आपल्या फ्लुइड्सच्या पुस्तकात माक नंबरच्या धड्याला ज्याची आठवण होते, तोच हा येगर. तेव्हा तो पाकिस्तानात अमेरिकी अधिकारी म्हणून होता. आपलं विमान मुद्दाम उडवलं असा त्याचा शेवटपर्यंत समज. अरुण प्रकाशांनी नंतर हा किस्सा मजेत लिहिलाय. त्या युद्धातल्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं.

पुढचा टप्पा आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावा. डिसेंबर 1983 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पहिली तीन सी हॅरियर ब्रिटनमधून उडत गोव्याला, दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावर आली. त्याच महिन्यात ते 'विक्रांत'वर उतरले. या विमानाच्या पेगॅसस इंजिनाला चार नोझल असतात. पुढच्या दोनमधून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनमधून गरम वायू. कॉकपिटमध्ये थ्रॉटलशेजारी वेगळा दांडा असतो, त्याने चारही नोझल एकदम खाली वळतात आणि विमान जागच्या जागी तरंगतं. बाकीची विमानं आधी उतरतात, मग थांबतात. हॅरियर आधी थांबतं, मग उतरतं.

ऐकायला सोपं. पण तरंगताना पंखांची लिफ्ट शून्य, सगळं वजन एकट्या थ्रस्टवर. हवा 15 अंशांऐवजी 35 अंश असली तर घनता 288 भागिले 308, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी. तेवढा फटका थ्रस्टला बसणार. म्हणजे गोव्याच्या मे महिन्यात उरलेलं इंधन फेकायचं की न वापरलेला बॉम्ब, हा हिशेब पायलटने उतरण्याआधी मनातच करायचा. तिथे सप्लिमेंटरी परीक्षा नाही. नौदलाने घेतलेल्या 30 सी हॅरियरपैकी निम्म्याहून अधिक विमानं अपघातांत गेली, पायलटही गेले. सिनेमात हे दाखवत नाहीत.

नौदलाच्या पायलटला नुसतं उडता येऊन भागत नाही, जहाजही चालवावं लागतं. अरुण प्रकाशांनी पुढे 'विराट'चं नेतृत्व केलं, खडकवासल्याला एनडीएचे प्रमुख म्हणून परत आले, आणि 2001 मध्ये नव्याच स्थापन झालेल्या अंदमान-निकोबार कमांडचे पहिले प्रमुख झाले. 31 जुलै 2004 ला नौदलप्रमुख. पाच महिन्यांत, 26 डिसेंबरला, त्सुनामी आली आणि मोठा तडाखा बसला तो त्याच बेटांनाही. तीसहून अधिक जहाजं मदतीला निघाली, श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत गेली. बेटं, जहाज आणि विमान या तिन्ही गोष्टी स्वतः हाताळलेला माणूस तेव्हा खुर्चीत होता, याचा उपयोग झाला असणारच, असं मला वाटतं.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेचा हॉल्सी आधी विनाशिकांवर मुरला आणि 1935 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी पायलट झाला, तेही विमानवाहू जहाज मिळावं म्हणून! दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये त्याने मोठं आरमार लढवलं. पण डिसेंबर 1944 मध्ये त्याचा ताफा टायफूनमध्ये सापडला, तीन विनाशिका बुडाल्या आणि सुमारे 790 माणसं गेली. शत्रूची एक गोळीही न लागता. धाडसाची त्याला कधीच कमी नव्हती, त्या दिवशी वाऱ्याचा अंदाज चुकला.

सी हॅरियर 2016 मध्ये निवृत्त झालं. 'विराट' 2017 मध्ये, आणि जुनी 'विक्रांत' 2014 मध्ये मुंबईला भंगारात निघाली. नवी 'विक्रांत' कोचीत बांधली गेली. तिच्या पोलादाची पहिली कापणी एप्रिल 2005 मध्ये, म्हणजे अरुण प्रकाश प्रमुख असताना झाली, आणि ती सप्टेंबर 2022 ला दाखल झाली. गोव्याच्या ट्रिपला गेलात तर बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सी हॉक, अलीझे आणि सी हॅरियर तिथे उघड्यावर उभी आहेत. हॅरियरच्या पोटाशी वाकून नोझल मोजा. सोमवारी मात्र जाऊ नका, बंद असतं.