भरतीला पोरं यावीत म्हणून

अरे लेका, साखर कारखान्यात कार्मिक अधिकारी झालास, पेढे खाल्ले. आता मामाचं थोडं ऐक. आपली सोनई मुळा कारखान्याच्या आधारानं वाढली, तरी इथला डिप्लोमावाला पोरगा आधी चाकण-रांजणगाव बघतो. तिकडचा पगार तुला परवडायचा नाही. कामाची जागा स्वच्छ ठेवणं तरी हातात आहे.

जाहिरातीत नुसतं 'पर्यावरणपूरक' छापू नकोस, काम सांग. 100 टन उसामागं 30 टनांच्या आसपास बगॅस निघतो. त्याच्याच जळणावर वाफ, वाफेवर टर्बाइन, त्यातून वीज. पोराला हे शिकायला मिळणार असेल तर तसं लिही.

मुलाखतीला आलेल्यांना चहा पाजून वाटेला लावू नकोस. आधी सांडपाणी प्रकल्पावर ने. तिथं नाकाला रुमाल लावावा लागत असेल, तर वासाचा बंदोबस्त कर आणि मग जाहिरात दे.

पाण्याचा हिशेब नव्या पोराकडं सोपव. उसात 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना निघालेलं गरम पाणी थंड करून, शुद्ध करून पुन्हा वापरलं, की बाहेरून फार कमी उचलावं लागतं. टनामागं किती लिटर वाचलं, ते त्यानं रोज फळ्यावर लिहावं. कालव्याच्या आवर्तनाकडं डोळे लावून बसणाऱ्या घरातली पोरं ही. त्यांना या आकड्याची किंमत कळते.

वसाहतीतही चक्कर मार. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसत असेल, तर पोरगा हो म्हणाला तरी त्याची आई नको म्हणेल. चिमणीची राख धरणारं यंत्र रात्रपाळीतही चालू हवं. बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ फुप्फुसाला बाधते, बगॅसोसिस म्हणतात त्याला. यार्डात पाणी मारून घे, मास्क दे आणि तो लावतात का तेही बघ.

5 जूनला रोपं लावशीलच. एप्रिलमध्ये त्यांना पाणी कोण घालणार, त्याचं नाव त्याच दिवशी ठरव.

आणि हे सगळं दाखवून पगारात हात आखडू नकोस. जागा हंगामी की कायम, हंगाम संपल्यावर हातात काय पडणार, ते नेमणूकपत्रात लिहून दे. यंदा लागलेल्या पोरानं पुढच्या हंगामाला धाकट्या भावाचा अर्ज आणला, तर समज, तुझं बरं चाललंय.